सिंकखालची ग्रीस ट्रॅपची पेटी: मळ्यातल्या खानावळीत दोन पावसाळे वापरून

आमची खानावळ पणजीत मळा नावाच्या भागात आहे. आठ टेबलं. दुपारी शीत-हुमण, तळलेला मासा, किसमूर, सोलकढी, एक भाजी. संध्याकाळी भाजीपाव आणि चहा. भांडी घासायच्या सिंकखाली आम्ही २०२४ च्या एप्रिलमध्ये स्टीलची ग्रीस ट्रॅपची, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-चरबी अडवणारी, पेटी बसवली. ६० लिटरची, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात बनलेली, इथल्या दुकानदारामार्फत मागवलेली. पेटी १८,५०० रुपयांना पडली. गाडीभाडं आणि प्लंबरची मजुरी मिळून आणखी साडेचार हजार गेले. दोन पावसाळे झाले, आता तिच्याबद्दल खात्रीने चार शब्द लिहू शकते. लहान हॉटेल चालवणारे बरेच जण मला विचारतात, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. दीड गुण का कापला ते पुढे येईलच. पण पेटी घ्यावीच लागली ती का, हे आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पेटी घेणारा ती नीट वापरणार नाही.

२०२३ च्या जुलैमधला रविवार. दुपारचा दीड वाजलेला, आठही टेबलं भरलेली, बाहेर पावसाची संततधार. भांडी घासणारी मावशी मोठ्याने ओरडली म्हणून आत गेले, तर मोरीच्या जाळीतून पाणी वर येत होतं. आधी नुसतं गढूळ, मग शितं तरंगत असलेलं, मग वासाचं. पाच मिनिटांत स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालं. जेवत असलेल्या माणसांना हात जोडून सांगितलं, पैसे घेतले नाहीत, शटर ओढलं. त्या महिन्यात मोरी तुंबण्याची ती तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळी प्लंबरने कॉस्टिक सोडा ओतून, वर गरम पाणी टाकून वाट मोकळी करून दिली होती, आणि आम्ही सुटलो म्हणून स्वस्थ बसलो होतो.

सोमवारी सकाळी गटार खात्याची माणसं आली. आमच्या मागच्या दारी चेंबर आहे, त्याचं झाकण पहार घालून उचललं. मुकादम पेडण्याकडचे, पन्नाशीचे. त्यांनी आधी वरूनच बांबूची लांब पट्टी पाइपात सरकवली, दोन-तीनदा मागे-पुढे केली आणि मग लोखंडी आकड्याने एक ढेप ओढून काढून माझ्यासमोर फरशीवर ठेवली.

ती ढेप मी अजून विसरले नाही. लांबीला हातभर, जाडीला चार बोटं. वरून राखाडी, मोडली तिथे आतून पांढरी-पिवळट, जुन्या साबणाच्या वडीसारखी. पाइपाच्या गोलाईचा आकार तिला जसाच्या तसा आला होता. आत माशांचे खवले उभे-आडवे रुतलेले, अभ्रकासारखे चमकत होते. रव्याचे कण होते, नारळाचा चोथा होता. आणि कडेला तिरफळाची काळी टरफलं होती, पाच-सहा. त्या गल्लीत बांगड्याच्या हुमणात तिरफळ घालणारी खानावळ आमचीच. मुकादमांनी एक टरफल नखाने उकरून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "बाय, हें तुमच्याच रांदपाचें." मी काय बोलणार होते?

मग त्यांनी विचारलं, कॉस्टिक ओतलंत का? मी हो म्हटलं. त्यांनी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आकसलेली, गुलाबी डागांची. कुठल्या तरी स्वयंपाकघराच्या चेंबरमध्ये साचलेलं कॉस्टिकचं पाणी काठीवरून उडालं होतं, काही वर्षांपूर्वी. ओतणाऱ्याला वाटतं तुंबलेलं सुटलं, ते म्हणाले, आणि झाकण उघडणारा आम्ही. रागाने नव्हे, माहिती द्यावी तसं बोलले. त्यांच्यासोबतच्या माणसाने मला आणखी एक गोष्ट सांगितली: कॉस्टिक चरबीला धुऊन नेत नाही, तिचा साबण करतं, आणि तो साबण पुढे थंड पाण्यात जाऊन पुन्हा बसतो. आमची मोरी मोकळी झाली ती बाहेरचा पाइप बंद करून.

त्यानंतर कनिष्ठ अभियंता आले, नोटीस दिली आणि स्वयंपाकघराच्या पाइपावर ग्रीस ट्रॅप बसवायला सांगितलं. इथे मला माझा हट्ट लिहायला हवा. मी आधी वाद घातला. आम्ही सिवरेजचं बिल भरतो, जोडणी घेण्याची सक्तीही २००८ च्या गोव्याच्या मलनिस्सारण कायद्याने झाली, मग आता पाइपात काय सोडायचं हेही तुम्हीच ठरवणार का, असं मी म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, वहिनी, जोडणी म्हणजे सगळं सोडायचा परवाना नव्हे. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चा. त्यातल्या कलम २४ मध्ये नदी आणि विहिरीच्या जोडीने गटाराचंही नाव आहे. विषारी, अपायकारक द्रव्य जाणूनबुजून त्यात सोडायला मनाई आहे. नदीला कायदा असतो हे मला माहीत होतं. गटारालाही असतो हे त्या दिवशी कळलं.

रात्री मुलाने मला पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ ची सहावी अनुसूची फोनवर काढून दिली. सांडपाणी कुठे सोडायचं त्याप्रमाणे त्यात वेगवेगळ्या रकान्यांत मर्यादा आहेत. नदी-तलावात सोडायचं तर बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, लिटरला ३० मिलीग्रॅम, सार्वजनिक गटारात ३५०. निलंबित घन पदार्थ नदीसाठी १००, गटारासाठी ६००. तेल आणि ग्रीस मात्र नदीसाठी १० आणि गटारासाठी २०. मी हे आकडे वहीत उतरवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. बीओडीला गटारात जवळजवळ बारापट सवलत, घन पदार्थांना सहापट, आणि तेलाला फक्त दुप्पट. पाऱ्याला तर सवलतच नाही, दोन्हीकडे ०.०१. कारण साधं आहे. आपलं शीत, डाळ, मैला हे सगळं टोंकच्या प्रक्रिया केंद्रात जिवाणू खातात, १२.५ दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेचा तिथला प्रकल्प २००५ पासून तेच काम करतो. तळटीपही तेच सांगते: गटाराच्या पुढे जैविक प्रक्रिया असेल तरच ही सवलत, नसेल तर गटारात सोडलेलं पाणी नदीत सोडल्यासारखंच धरायचं. पण तेल टोंकपर्यंत पोचण्याआधीच वाटेत पाइपाला चिकटतं, पंपिंग स्टेशनातल्या तरंगत्या स्विचला गुंडाळतं, आणि पोचलंच तर पाण्यात हवा नीट मुरू देत नाही. म्हणून त्याला हात आखडता.

लिटरला २० मिलीग्रॅम म्हणजे किती, तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीमागे २० ग्रॅम. चहाचे चार-साडेचार चमचे. आमच्याकडे स्वयंपाकाला आणि भांड्यांना मिळून दिवसाला अशा दोन टाक्या लागतात, म्हणजे आमच्या वाट्याला आले ४० ग्रॅम. विसवणाच्या तुकड्या तळून झाल्यावर एका तव्यात जे तेल उरतं, तेच याहून जास्त असतं. आणि आमच्याकडे तसे चार तवे. हे गणित मांडल्यावर माझा वाद संपला.

आता पेटी.

दुकानात गेलो तर आम्हाला आधी २५ लिटरची दाखवली. छोटं हॉटेल आहे, एवढी पुरेल, म्हणाले. घेऊ नका. मी काय केलं ते सांगते, ते कुणालाही करता येईल. आमचं सिंक २४ बाय १८ इंचाचं, दहा इंच खोल. बूच लावून पाऊण भरलं, म्हणजे साधारण ५३ लिटर. बूच काढलं आणि घड्याळ लावलं. दोन मिनिटांत रिकामं. म्हणजे मिनिटाला २६ लिटर. २५ लिटरच्या पेटीत हे पाणी एक मिनिटही थांबणार नाही, आणि पेटीचं सगळं काम थांबण्यावरच चालतं. आत पाण्याच्या वाटेत आडव्या येणाऱ्या दोन उभ्या पाट्या असतात, त्यांनी पाण्याचा वेग मोडतो. तेल हलकं म्हणून वर येतं, रवा आणि गाळ खाली बसतो, आणि मधलं पाणी टी-जोडाच्या खालच्या तोंडातून बाहेर जातं. पाणी धावतच आलं तर तेल वर यायला सवड मिळत नाही, ते तसंच पार होतं. म्हणून ६० लिटरची घेतली. जागा असेल तर त्याहून मोठी घ्या. मला आज घ्यायची असती तर मी ९० ची घेतली असती.

बसवताना अडचण आली ती उंचीची. पेटीत पाणी वरून येतं आणि जरा खालच्या पातळीने जातं, त्यामुळे सिंकचं तोंड पेटीपेक्षा उंच हवं आणि बाहेरचा गली ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याची कुंडी, तिच्यापेक्षा खाली. आमचं सिंक बुटकं होतं. शेवटी सिंकच्या पायांखाली चार इंचांचे कडाप्प्याचे तुकडे घालून ते उचललं. त्यामुळे मावशींना हात उंच करून घासावं लागतं, म्हणून त्यांच्यासाठी लाकडी पाट केला. दुकानदाराने हे आधी सांगायला हवं होतं. मोजमाप घेऊन जा, नुसतं विचारून येऊ नका.

आणि जोडणी फक्त भांड्यांच्या सिंकची. आमच्या प्लंबरचा बेत होता की हात धुण्याचं बेसिन, फरशीची मोरी सगळंच पेटीतून न्यायचं. तसं केलं की पेटीत नको तितकं पाणी येतं आणि तेल ढवळून बाहेर पडतं. संडासाचा पाइप तर तिच्या जवळही आणायचा नाही. तो पेटीच्या पुढे, वेगळा चेंबरला.

आता वापर. पहिल्या आठवड्यात मी रोज झाकण उघडून बघायचे. नियम असा की वरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्शाएवढे झाले की पेटी साफ करायची. आमच्या पेटीत पाणी दहा इंच, म्हणजे अडीच इंच झालं की वेळ आली. पोलादी पट्टी उभी बुडवून बघायची, तेलाची खूण पट्टीवर दिसते. आमच्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी अडीच इंच होतं. बुधवार आणि रविवार माशांची गर्दी, म्हणून सोमवार आणि गुरुवार सकाळ हे पेटीचे दिवस ठरले. पहाटे सहाला, कुणी भांडं घासायला बसायच्या आधी. रात्रभर पाणी स्थिर राहिलेलं असतं, थर जमलेला असतो.

श्रावणात काय होतं हे मला बघायचं होतं. मासे बंद, तळण कमी. तरी पेटीत थर येतोच. पातळ असतो, पण पांढराशुभ्र. तो नारळाचा. आम्ही दिवसाला बारा नारळ वाटतो. मुगागाठी असो की खतखतं, वाटणाचा पाटा, मिक्सरचं भांडं, कढई धुतली की ते तेल खाली जातं. मासे नाहीत म्हणून आपलं पाणी स्वच्छ, अशी माझी समजूत होती, ती गेली. श्रावणात आठवड्यातून एकदा साफ करून भागतं, इतकाच फरक.

आणि नारळाच्या तेलाचं एक इथलं लक्षण आहे. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. पणजीत मार्च ते नोव्हेंबर ते बाटलीत पातळच असतं, म्हणून आपल्याला वाटतं ते पाण्यासारखं वाहून गेलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा वीस अंशांपर्यंत उतरते, तेव्हा न्हाणीघरातली बाटली पांढरी होते. गटारातही तेच होतं. २०२४ च्या डिसेंबरमधल्या एका सोमवारी मी झाकण उघडलं तर वर बोटभर जाडीची पांढरी साय, घट्ट, तिच्यावर आडवा-तिडवा एकही डाग नाही. झाऱ्याने टोचली तर तडकली. कडा सुरीने सोडवून मी ती चार तुकड्यांत उचलली, थंडगार. एका तुकड्याच्या खालच्या बाजूला एकच खवला चिकटलेला होता. मला तीच ढेप आठवली, पण ही माझ्या हातात होती, पाइपात नव्हती. उन्हाळ्यात मात्र हाच थर पातळ असतो, पळीने काढावा लागतो, वेळ दुप्पट जातो.

एका वेळी दोन-अडीच किलो निघतं, गाळासकट. आठवड्याला पाच किलो धरले तर वर्षाला अडीचशे. वीस वर्षं खानावळ चालली आहे.

काढलेलं रस्त्याच्या कडेच्या उघड्या गटारात टाकू नका. ते गटार पावसाच्या पाण्याचं आहे, मळ्याच्या खाडीला मिळतं आणि खाडी मांडवीला. आम्ही बादलीत लाकडाचा भुसा घेतो, त्यात ते मिसळतो, पाणी शोषून घट्ट झालं की वर्तमानपत्रात बांधून ओल्या कचऱ्यात देतो. कढईतलं जळकं तेल वेगळं. ते कॅनमध्ये साठवतो आणि बायोडिझेलसाठी नेणारे येतात त्यांना देतो, किलोमागे पैसेही मिळतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हापुन्हा तापवलं की ती वाढतात) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, त्यापुढे ते तेल खाण्याचं नाही. त्याच वर्षी वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची योजनाही त्यांनी आणली. म्हणजे कढईतलं तेल गटारात ओतायला आता काहीच कारण उरलेलं नाही.

पेटीतल्या खोडी सांगते. पहिली, झाकणाखालची रबरी पट्टी पाचव्या महिन्यात कडक होऊन चिरली आणि स्वयंपाकघरात वास यायला लागला. कारखान्याला फोन केला, तीन आठवडे फक्त 'पाठवतो' ऐकलं. शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सिलिकॉनची पट्टी मीटरवर आणून बसवली, ती अजून टिकून आहे. दुसरी, पेटी ३०४ दर्जाच्या स्टीलची, ती अजून नवी दिसते, पण झाकणाच्या चाप-कड्या हलक्या पत्र्याच्या निघाल्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि मिठाच्या पाण्यात त्यांना पहिल्याच पावसाळ्यात गंज चढला. त्या बदलून घेतल्या, माझ्या पैशांनी. घेताना चुंबक नेऊन कड्यांना लावून बघा, घट्ट चिकटला तर त्या ३०४ च्या नाहीत.

तिसरी खोड मोठी. आतल्या टोपलीची जाळी फार मोकळी आहे. उत्तरेकडच्या स्वयंपाकघराचा विचार करून बनवली असावी, तिथे भाजीची देठं अडवायची असतात. आपल्याकडे खवले. खवला चपटा, हलका, जाळीच्या भोकातून तिरका होऊन निसटतो आणि तेलाच्या थराला चिकटतो किंवा टी-जोडात जाऊन बसतो. दोनदा टी-जोड तुंबला. आता मी टोपलीच्या आत बारीक भोकांची स्टीलची रोवळी बसवली आहे, तांदूळ धुवायची असते तसली. दिवसातून तीनदा रिकामी करावी लागते, पण टी-जोड त्यानंतर तुंबलेला नाही. मासे साफ करायचं पाणी तर आम्ही आता सिंकमध्ये ओततच नाही. परातीत साफ करतो, ते पाणी कपड्यातून गाळतो आणि मगच सोडतो.

पेटीसोबत एका पावडरीचा डबा आला होता. रोज रात्री दोन चमचे टाका, जिवाणू तेल खाऊन टाकतील, पेटी साफ करायची गरजच नाही, असं त्यावर छापलेलं. मी महिनाभर टाकली. थर खरंच पातळ झाला आणि मी खूश झाले. मग मागच्या दारचं चेंबर उघडून बघितलं तर तिथे पाण्यावर तेलाचा तवंग. पेटीतलं तेल फुटून पुढे गेलं होतं, इतकंच. डबा बंद केला, पुढच्या आठवड्यात चेंबर स्वच्छ. उकळतं पाणी आणि जास्तीचा भांड्यांचा साबण हेही तेच करतात: तेल बारीक होऊन पाण्यात मिसळतं, पेटीतून बिनबोभाट जातं आणि पुढे थंड झालं की पुन्हा जमतं. म्हणून पेटी एकटी तुम्हाला त्या २० मिलीग्रॅमपर्यंत नेत नाही. खरं काम सिंकच्या आधी होतं. आमच्याकडे आता प्रत्येक ताट रबरी पट्टीने निपटतात, तवे आणि कढया जुन्या वर्तमानपत्राने पुसतात, आणि मग पाणी लावतात. हे सुरू केल्यापासून साबण निम्मा लागतो. मावशींना सुरुवातीला ते जास्तीचं काम वाटलं. मी त्यांना ती ढेप कशी होती ते सांगितलं, आणि मुकादमांचा हात सांगितला. त्यानंतर मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

आम्ल-कॉस्टिक घरात आणणं बंद केलं. नियमात सांडपाण्याचा पीएच (आम्ल की अल्कली याचं माप) ५.५ ते ९ च्या मधे हवा. कॉस्टिकचं घट्ट द्रावण १३-१४ वर असतं, संडास धुवायचं आम्ल १-२ वर. गटाराच्या तळाशी सल्फाइड साचलेलं असतं, त्यावर आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवायला बंदी आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी देशात माणसं उतरवली जातात आणि मरतात. ती उतरतात ती तुंबलेलं काढायला. आणि तुंबतं ते माझ्यासारख्या स्वयंपाकघरांमुळे, आणि संडासात टाकलेल्या पॅड, ओल्या वाइप्स, चिंध्यांमुळे. आमच्या ग्राहकांच्या संडासात आता झाकणाचा डबा आहे आणि दारावर तशी पाटी आहे.

पेटी बसवताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. चेंबरमध्ये एक पाइप कोरडाच होता. शोध घेतला तर तो गच्चीवरून आलेला. घराची कौलं काढून स्लॅब घातला तेव्हा गवंड्याने पावसाचं पाणी जवळ पडतं म्हणून सरळ सिवरेजच्या चेंबरला जोडून दिलेलं. पावसाचं पाणी सिवरेजमध्ये सोडायचं नाही हा नियम मला कागदावरचा वाटायचा. मग हिशेब केला. आमची गच्ची हजार चौरस फूट. दिवसात १०० मिलीमीटर पाऊस पडला, आणि जुलैत असे दिवस येतात, तर त्या एका गच्चीवरून ९,००० लिटरच्या वर पाणी. खानावळीचं साडेचार दिवसांचं पाणी एका दिवसात, तेही सगळ्या गल्लीची घरं पाणी सोडत असताना. मळा सखल आहे, भरतीला खाडी फुगली की उघडी गटारंही हळू वाहतात. त्या रविवारी मोरीतून जे वर आलं, त्यात आमच्याच गच्चीचंही पाणी असणार. पाइप तोडला, पावसाच्या गटाराकडे वळवला. खर्च ११०० रुपये. पेटीपेक्षा या ११०० रुपयांचा उपयोग कमी झाला असं मी म्हणणार नाही.

कुणी घ्यावी? तळण किंवा नारळाचं वाटण रोज होतं अशा प्रत्येक खानावळीने, भजीच्या गाड्याने, लग्नाची जेवणं करणाऱ्याने. सिवरेज नसून सोक पिट, म्हणजे शोषखड्डा, असेल त्यांनी तर आधी घ्यावी, कारण तेलाने जमिनीची छिद्रं बुजली की खड्डा पाणी पिणं बंद करतो आणि तो पुन्हा उघडत नाही. आठवड्यातून दोनदा पहाटे अर्धा तास द्यायची तयारी नसेल त्यांनी मात्र पैसे घालवू नयेत. न साफ केलेली पेटी म्हणजे सिंकखाली ठेवलेली कुजकी टाकी. तिचं तेल भरलं की सगळं पाणी तेल घेऊनच बाहेर जातं. घरगुती स्वयंपाकघराला एवढ्या पेटीची गरज नाही, तवा पुसून घासला तरी पुष्कळ.

यंदा मे महिन्यात पावसाळ्याआधीच्या सफाईला तेच मुकादम आले होते. आमच्या चेंबरचं झाकण उचललं. तळाला पाइपाचा अर्धगोल स्वच्छ दिसत होता, त्यातून बारीक धार वाहत होती. त्यांनी सवयीने बांबूची पट्टी आत सरकवली, बाहेर काढली, टोकाला बोट लावून बघितलं. काही नव्हतं. मी चहा आणि दोन पाव-भाजी आणून दिली. चेंबरच्या काठावर बसून त्यांनी खाल्लं, ताटली-वाटी कागदाने पुसून मावशींच्या हातात दिली, आणि शेजारच्या चेंबरकडे बोट करून विचारलं, "बाय, हें कोणाचें?"